सरांचा चिमटा

आमचे सर डाव्या हाताने जेवायचे. डावरे नव्हते. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ही जोडी त्यांनी स्वतःच्या वापरातून कायमची काढून घेतली होती. गरम भात, पिशवीचे बंद, दाराची कडी, कॅरमचा स्ट्रायकर, कशालाही ती दोन बोटं लागत नसत. पेनसुद्धा ते उरलेल्या बोटांच्या बेचक्यात अडकवून धरायचे, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्या वाचताना औषधवाले आधी देवाचं नाव घेत. कुणी कारण विचारलंच तर म्हणायचे, "ही दोन बोटं माझी नाहीत, पेशंटची आहेत. आज भाताने पोळली तर उद्या ओपीडीत काय लावू, सांडशी?"

एका सहकाऱ्याच्या मुलाच्या मुंजीला गिरगावात पंगत बसली होती. सर डाव्या हाताने वरणभात कालवतायत हे बघून शेजारच्या काकूंनी आपलं पान उचललं आणि चार माणसं सोडून जाऊन बसल्या. सर जराही विचलित झाले नाहीत. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "तीन." चिमटा न घेता त्यांनी कुणाला नंबर दिल्याचं मला आठवणारं हे एकच उदाहरण.

हा नंबर काय प्रकार होता ते सांगायला हवं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी सोनोग्राफीचं मशीन चालवायला होते आणि सर तिथल्या त्वचारोग विभागाचे प्रमुख. खरूज, नायटा, इसब असल्या किरकोळ गोष्टी ते ज्युनियर डॉक्टरांकडे ढकलायचे. त्यांचा जीव एकाच आजारात अडकलेला. त्या आजारात कातडी आतून घट्ट होत जाते. आधी बोटं ताठरतात, मूठ मिटत नाही. मग तोंड आक्रसतं, माणूस वडापाव चावायचा सोडून तुकडे करून खायला लागतो. नशीब फुटकं असेल तर तोच घट्टपणा फुप्फुसात उतरतो. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. त्यांना एकदा मी हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वीण घट्ट झाली म्हण की." इतक्या सोप्या शब्दांत सरांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

हा घट्टपणा मोजायची जुनी रीत अशी की अंगावरच्या सतरा जागी कातडी चिमटीत धरायची आणि प्रत्येक जागेला नंबर द्यायचा. शून्य म्हणजे मऊ, चारचौघांसारखी. तीन म्हणजे चिमटीत येतच नाही. रीत जगभरची, पण सर असे वागायचे की जणू ती त्यांच्या आजोबांनी लावलेली. आणि ती त्यांनी पेशंटपुरती ठेवली नाही. कॅन्टीनची इडली दोन. ओपीडीतल्या बाकाचं रेक्झिन तीन. अधिष्ठाते नवीन आले तेव्हा हस्तांदोलनाला पुढे केलेल्या त्यांच्या हाताची कातडी सरांनी दोन बोटांत उचलली आणि सगळ्यांसमोर निदान केलं, "एक. पण वाढणार." पुढे त्या अधिष्ठात्यांनी विभागाची फाइल आठ महिने अडवून ठेवली, तेव्हा सर आम्हाला म्हणाले, "मी सांगितलं होतं."

सरांच्या पत्नी गिरगावातल्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला चहा देता देता सांगितलेली गोष्ट. सर त्यांना पाहायला आले, पोहे झाले, आणि 'जरा हात बघू' म्हणून सरांनी त्यांचा हात धरला. घरातल्या मोठ्या माणसांनी कौतुकाने माना वळवल्या. सरांनी मनगटाजवळ चिमटा घेतला आणि 'शून्य' म्हणून हात परत दिला. "मी आत जाऊन रडले हो," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, नापास केलं. दोन दिवसांनी होकार आला तेव्हा आमच्याकडे कुणाला काही कळेना." सर शेजारीच पेपर वाचत होते. पेपराआडून म्हणाले, "अजून शून्यच आहे." त्यांच्या तोंडून बायकोचं एवढंच कौतुक मी ऐकलं.

बोटात काहीतरी होतं हे कबूल करायला हवं. एकदा दादरच्या भाजीबाजारात सर वांगी निवडायची सोडून वांगीवाल्याचंच कोपर चाचपत बसले. तो बिचारा आधी हसला, मग हात सोडवायला लागला, मग आजूबाजूचे चार भाजीवाले जमले. प्रकरण हातघाईवर येणार तेवढ्यात सर म्हणाले, "सोमवारी परळला ये. आला नाहीस तर दिवाळीपर्यंत पाच किलोची पाटी उचलता यायची नाही." तो आला. आजार तोच निघाला, अगदी सुरुवातीचा. असं काही झालं की सर ती दोन बोटं आमच्यासमोर धरायचे आणि दिवसभर त्यांच्याशी बोलणं अवघड होऊन बसायचं.

नव्या बॅचला ते दर वर्षी एक किस्सा सांगत. गिरण्यांचा संप झाला तेव्हा सर नुकतेच नोकरीला लागलेले. एरवी दुखणं अंगावर काढून पाळीला जाणाऱ्या माणसांना एकदम स्वतःच्या दुखण्याकडे बघायला सवड झाली आणि ओपीडीची रांग फाटकाबाहेर गेली. त्यात एक साचेवाला ताठरलेले हात घेऊन आला. सरांना म्हणाला, "डॉक्टरानू, हात बसान रवले ना, म्हणान असे झाले. गिरण सुरू झाली की सुटतले." एवढं सांगून सर खदखदा हसत. "म्हणजे औषध काय? तर गिरणी." दर वर्षी त्या माणसाची मालवणी आणखी ठसठशीत होत गेली आणि पोरं आणखी जोरात हसायला लागली. मी कोपऱ्यात मशीनच्या वायरी गुंडाळत उभी असायची. संपात माझे वडील लालबागच्या खोलीत हात मांडीवर ठेवून असेच बसायचे आणि गिरणी सुरू झाली की सगळं सुटेल, हे वाक्य आमच्या घरात जेवणाआधीच्या श्लोकासारखं रोज म्हटलं जायचं. मला तो किस्सा कधीच विनोदी वाटला नाही. तरी सगळे हसले की मीही हसायची.

गिरण्यांच्या जागी लोअर परळात काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, त्या सुमाराला आमच्याकडे नवं मशीन आलं. जुन्यासारखं ते नुसतं चित्र काढत नसे. कातडीत बारीक लाटा सोडून ती किती ताठ आहे ते मोजायचं. मऊ असेल तर पडद्यावर निळं, घट्ट असेल तर लाल, आणि कोपऱ्यात आकडा. ते वापरायची अट एकच होती. कातडीवर जेलचा जाड थर द्यायचा आणि मशीनचा प्रोब, म्हणजे हातात धरायचा दांडा, त्या थरावर नुसता तरंगत ठेवायचा. कातडीला टेकवायचासुद्धा नाही. दाबलं की कातडी दाबापुरती ताठ होते आणि मशीन तो ताठपणा इमानदारीने मोजून दाखवतं. साय न मोडता दुधावर चमचा ठेवावा, तसा तो हात लागतो. मला तो यायला दोन महिने लागले.

पहिलं वर्षभर सरांनी मशीनला 'रंगपंचमी' म्हटलं आणि मला 'मशीनबाई'. मशीनला डोळे आहेत, बोट नाही, असं ते म्हणत. मग कुठल्याशा परिषदेत परदेशातून आलेल्या एका डॉक्टराने अतिशय नम्रपणे सांगितलं की बोटाचा नंबर माणसागणिक बदलतो, मशीनचा आकडा बदलत नाही, म्हणून बोटाची पद्धत थोडी व्यक्तिसापेक्ष आहे. सरांना हा शब्द कानफटात बसल्यासारखा लागला. "मुंबईत येऊन, माझं जेवण जेवून, मला व्यक्तिसापेक्ष म्हणाला." सरांच्या पत्नी सांगत होत्या की पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आमटी आळणी झाली असं त्या म्हणाल्या, तर सर म्हणाले, तेही व्यक्तिसापेक्षच.

मग सरांनी बेत आखला. प्रत्येक पेशंटला आधी आपण चिमटा घेऊन नंबर द्यायचा, लगेच त्याच जागी मशीन लावायचं आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. चार वर्षं असं करून परिषदेत निबंध वाचायचा. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण परीक्षेला बसलं होतं ते मशीन, आणि परीक्षक होतं सरांचं बोट. पहिला महिना प्रोब माझ्या हातात होता. जुळेना. सर 'तीन' म्हणायचे आणि पडद्यावर हिरवटसर काहीतरी यायचं. सर म्हणाले, "मशीनबाई, तुमचा हात फार हलका आहे." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. त्यांनी ती दोष म्हणून सांगितली आणि प्रोब स्वतःच्या हातात घेतला.

त्या दिवसापासून मशीन शहाणं झालं. सरांनी 'तीन' म्हटलं की पडदा लालभडक. 'शून्य' म्हटलं की निळाशार. एवढं आज्ञाधारक यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. कारण माझ्यासमोर होतं. जिथे सरांनी तीन दिलेले असत तिथे त्यांचा खांदा पुढे यायचा, मनगट वाकायचं आणि प्रोब जेल बाजूला सारून कातडीत रुतायचा. जिथे शून्य, तिथे हात आपोआप ढिला. हे ते मुद्दाम करत नव्हते. ते लबाड नव्हते. लबाड असते तर बरं झालं असतं, लबाड माणूस निदान सावध तरी असतो. सरांना खरोखर वाटत होतं की मशीनला अखेर आपलं बोट पटलं.

पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "सर, थोडं हलकं धरलंत तर. जेल सगळं बाजूला जातंय." खोलीत सात-आठ ज्युनियर डॉक्टर होते. सर म्हणाले, "अहो मशीनबाई, मी कातड्या तपासायला लागलो तेव्हा तुम्ही फ्रॉकमध्ये होतात. तुम्ही जेलची बाटली भरा." मी बाटली भरली. त्याच वर्षी दुसऱ्या विभागातल्या एका तंत्रज्ञाने आपल्या प्रमुखांशी वाद घातला होता आणि त्याची बदली मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला झाली होती. माझं घर लालबागला, इस्पितळापासून चालत बारा मिनिटं, आणि घरात वडील अंथरुणाला खिळलेले. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

हे सगळं निबंधापुरतं राहिलं असतं तर मी आज मजेत सांगितलं असतं. पण हळूहळू त्या आकड्यांवर उपचार ठरायला लागले. गोळ्यांनी कातडी सैल होत असेल तर गोळ्याच चालू ठेवायच्या. नसेल तर दर महिन्याला सलाइनमधून एक जबरी इंजेक्शन. ज्याला त्याची गरज आहे त्याला ते वाचवतं. ज्याला नाही त्याची अंगातली ताकदच काढून घेतं, आणि मग साधा तापही झेपत नाही. सरांच्या हाताखाली लाल झालेले काही पेशंट या इंजेक्शनावर गेले.

त्यांत भायखळ्याचे एक काका होते. गिरणीतून निवृत्त, गोड बोलणारे. टेबलावर आडवे झाले की मला विचारायचे, "पोरी, आज निळं की लाल?" लाल आलं. तिसऱ्या इंजेक्शनानंतर त्यांना ताप भरला, छातीत उतरला आणि नऊ दिवसांत वॉर्डमध्येच ते गेले. छाती आधीच कापसाच्या धुळीने आणि आजाराने पोखरलेली होती, त्यामुळे नेमकं कशाने गेले हे कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं. सरांनी त्यांची फाइल दोन दिवस टेबलावरच ठेवली. मग म्हणाले, "आजारच जहाल." फाइल बंद झाली आणि आम्ही पुढच्या पेशंटकडे वळलो.

हरकूबाई या सगळ्याच्या तिसऱ्या वर्षी आली. वरळी कोळीवाड्यातली, दादरच्या मासळीबाजारात बसणारी. डोक्यात अबोली, काखेत प्लास्टिकची पिशवी, आणि वॉर्डबॉयपासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना 'तू'. सरांना सर न म्हणणारी त्या अख्ख्या इमारतीत ती एकटी. आली तेव्हा तिची बोटं लाकडासारखी होती, कोयता धरवत नव्हता. सरांनी सतरापैकी बहुतेक जागांना तीन दिले आणि तिला 'माझी तीन नंबरवाली' म्हणायला लागले. त्यांना असा एखादा ठणठणीत तीन सापडला की आनंद व्हायचा.

दीड वर्ष तिने गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. एका बुधवारी ती आली ती हसतच. "डाक्टर, सुरमय कापली काल. माज्या हातानं." सरांनी ते ऐकलंच नाही. चिमटा घेतला, म्हणाले, "तीन." प्रोब लावला, लाल. निबंधाला आता थोडेच दिवस उरले होते आणि सर मोठ्या उत्साहात होते. "गोळ्यांनी भागणार नाही, हरकूबाई. पुढच्या बुधवारी भरती व्हा. इंजेक्शनं सुरू करू. आणि मासळी बंद. काटा लागून जखम चिघळली तर जिवावर बेतेल."

"किती दिस बंद?"

"वर्ष तरी."

"वरीसभर माजी जागा कोन ठेवील? मी उठले का दुसरी बसल. सासूची जागा हाय ती."

"जागा मोठी की जीव मोठा?" सर म्हणाले आणि हात धुवायला गेले. हे वाक्य ते सगळ्यांना म्हणत. ज्यांची कसलीच जागा जाणार नसते त्यांना ते फार सहज म्हणता येतं.

सर राउंडला गेल्यावर हरकूबाई माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मूठ मिटून दाखवली. "बघ बाय. मिटते का नाय?" मिटत होती. पुरती नाही, पण मिटत होती. मी दार लोटून घेतलं, तिला टेबलावर झोपवलं, जेलचा जाड थर दिला आणि प्रोब तरंगत ठेवला. पडद्यावर निळं, कडेला थोडं हिरवं. गोळ्या लागू पडल्या होत्या. इंजेक्शनाची काही गरज नव्हती. मी आकडे एका कागदावर लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात मी तो कागद तीन वेळा सरांच्या टेबलापर्यंत नेला आणि तीन वेळा ॲप्रनच्या खिशात घालून परत आणला. हरकूबाईला मी एवढंच म्हटलं, "बघते." तिला ते पुरेसं वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

बुधवारी ती कपड्यांची पिशवी घेऊन भरती व्हायलाच आली होती. सरांना भरतीआधीचं शेवटचं माप सगळ्या बॅचसमोर घ्यायचं होतं. खोली भरली. सरांनी चिमटा घेतला, तीन जाहीर केले, प्रोब उचलला आणि तिच्या हाताच्या पाठीवर ठेवला. खांदा पुढे आला. पेशंट सगळे पडद्याकडे बघतात, रंगाची वाट बघतात. हरकूबाई पडद्याकडे बघतच नव्हती. ती सरांच्या हाताकडे बघत होती, बाजारात गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघावं तशी.

"डाक्टर, जरा थांब," ती म्हणाली. "हा काय करतंस तू?"

"मोजतोय. हलू नका."

"अरे, असा आंगठा रोवनाऱ्या गिऱ्हाइकाचा मी हात धरते. मासली बगाची ती बोटाच्या शेंड्यानं. हलू लावाचा. खड्डा पडला नि वर आला, का ताजी. तू जोर लावतंस, तं तुजाच जोर तुना लागतो. असा दाबशील तं बोंबील पन कडक लागंल."

मागून एक डॉक्टर फसकन हसला आणि लगेच खोकला काढायला लागला. त्या क्षणी माझ्यात काय संचारलं माहीत नाही. संचारलं ते उसनंच होतं, तिच्याकडून घेतलेलं. मी खिशातून कागद काढला आणि म्हटलं, "सर, बाई बरोबर सांगतायत."

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं, आता बदलीचा कागद निघतो. पण त्यांनी प्रोब माझ्यापुढे केला. "तुम्ही धरा." मी धरला. हरकूबाईचा हात निळा आला. मग सरांनी स्वतःच्या डाव्या हाताची बाही वर सारली. "इथे." निळा. मग त्यांनी प्रोब माझ्याकडून घेतला आणि नेहमीच्या पद्धतीने स्वतःच्याच हातावर लावला. लाल. हात सैल सोडला, निळा. दाबला, लाल. सहा-सात वेळा त्यांनी ते केलं. सरांचा चेहरा मला बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर थोडा बघावासाही वाटत होता.

"हरकूबाई, घरी जा," ते शेवटी म्हणाले. "गोळ्या चालू ठेवा. मासळी कापा."

ती टेबलावरून उतरली, पिशवी काखेला मारली. "तुजा हात वाईट नाय रे डाक्टर. जड हाय. ये बाजारात, शिकवते."

सर खरोखर गेले, हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. जन्मात मासळी न खाल्लेला तो माणूस दादरच्या बाजारात नाकाला रुमाल लावून उभा होता, ती दोन सोवळी बोटं पापलेटाच्या पाठीवर टेकवून, आणि हरकूबाई गिऱ्हाइकं थांबवून त्यांना झापत होती, "हलू, हलू. परत रोवलास." निबंधही त्यांनी मागे घेतला. परिषदेला पत्र पाठवलं, त्यात एकच वाक्य होतं, की ही मापं माझ्या हाताची आहेत, कातडीची नाहीत. त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर त्यावर वर्षभर हसले. अशा पत्राखाली सही करायची छाती त्यांच्यातल्या एकाचीही नव्हती, हेही मी सांगून ठेवते.

पण त्याच बुधवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर, सर एकटे माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "जुनी चित्रं काढा. मी घेतलेली सगळी."

प्रोब जेलवर तरंगत असेल तर चित्रात वरच्या कडेला एक काळी पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजे जेलचा थर. दाबलं की थर जातो, पट्टी नाहीशी होते. म्हणजे कोणतं माप कसं घेतलं याची साक्ष चित्रातच असते, बघणाऱ्याला बघायची असेल तर. सर खुर्ची ओढून बसले. मी एकेक चित्र पुढे करत गेले. पट्टी नाही. पट्टी नाही. इथेही नाही. अर्ध्या तासाने भायखळ्याच्या काकांचं चित्र आलं आणि सरांनी हात वर केला.

"हे घेतलं तेव्हा तुम्ही खोलीत होतात?"

"होते, सर."

"पट्टी नाही, हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते, सर. पहिल्या आठवड्यात. एकदा."

"एकदाच?"

मला राग आला. चार वर्षांचा साठलेला राग होता तो. "तुम्हाला पुन्हा कोण सांगणार होतं, सर? या इमारतीत आजवर कुणी तुम्हाला काही सांगू शकलंय?"

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "तिने सांगितलं की."

तिची जागा जायची होती, माझी बदली व्हायची होती, दोघींचंही पोट हातावरच. ती बोलली. सर पुढे निवृत्त झाले, मग मीही झाले. त्यांचे किस्से मी लग्नाकार्यात रंगवून सांगते आणि लोक पोट धरून हसतात. त्या किश्श्यांत भायखळ्याच्या काकांना मी कधी आणत नाही. आज आणलं.